नऊ तारांची पंचमी

"वढू नगंस. आधी आत ढकल. कुलूप सैल पडलं की ती आपसूक भाईर येती. आन् परत बसवताना टक वाजल्याबिगर हात काढायचा न्हाई. कळलं का?"

हरिबा वस्तादांचा हा आवाज इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आकारामच्या कानात तसाच होता. ऐकू यायचा, पण ऐकलं मात्र त्यानं कधी नव्हतं.

वस्ताद मूळचे आटपाडीकडचे. घरची मेंढरं होती, पोरपणी मेंढ्यांच्या खुरातले काटे काढता काढता बोटांना एक सवय लागली होती, आणि पुढे कुपवाडात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं तेव्हा तीच सवय कामाला आली. गाडीतल्या तारा जिथं एकमेकींना भेटतात तिथं प्लॅस्टिकची एक भोकाभोकांची डबी असते. मिस्त्री लोक तिला कपलर म्हणतात. तारेच्या टोकाला पितळी पीन, पिनेच्या पाठीवर एक बारकी जीभ. पीन भोकात गेली की ती जीभ आतल्या खाचेत अडकून बसते. मग तुम्ही ओढ ओढ ओढा, तार तुटेल, नाहीतर जीभ चेपेल, पण पीन धड यायची नाही. ती आधी थोडी आत ढकलायची, जीभ अलगद दाबायची, आणि मग जावई उठावा तशी मानानं ती उठून येते. वस्ताद हे काम खुरातला काटा काढावा तसं करायचे, मान तिरकी करून, तोंडानं गाडीला "हां, हां, झालं बघ," असं समजावत.

आकारामला एवढा दम कुठला! वस्ताद वारले, दुकान त्याच्याकडं आलं, आणि त्या दिवसापासून कुपवाडात कपलर उघडणं बंद झालं. गाडी आली की कटर काढायचा, तार कापायची, दुसरी जोडायची, वर काळी टेप गुंडाळायची. तांबडी तार अर्ध्यात हिरवी व्हायची, हिरवी पुढं जाऊन पिवळी व्हायची. शेजारचा पंक्चरवाला धनाजी त्याला 'कटिंगवाला' म्हणायचा, आणि परगावचा एक भोळा माणूस एकदा खरोखरच दाढी करून घ्यायला येऊन बसला होता.

तर अशा आकारामच्या घरी नागपंचमी उजाडली.

पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, तवा चढवायचा नाही, हे काही एकट्या मनुबाईंच्या घरचं नव्हतं. पण बाकीच्या बायका विळी फडताळात सारायच्या नि मोकळ्या व्हायच्या. मनुबाई म्हणजे आकारामची आई. बोलणं इतकं हळू की समोरच्यानं भांडायला तोंड उघडावं आणि ऐकण्यासाठी मिटावं. रोज सकाळ-संध्याकाळ दिव्यापुढं बसून त्या नऊ नागांची नावं घ्यायच्या. हा नेम त्यांनी लेकीला, राणीला, दिवस गेल्याचं कळलं त्या सांजेला धरला होता. राणी खंडाळ्याला दिलेली. आता तिला सातवा लागला होता. तेव्हा यंदाची पंचमी निराळी होती.

पहाटे त्यांनी पाटावर गंधानं नऊ नाग काढले, तीन ओळी, एकेका ओळीत तीन. दूध दाखवलं, लाह्या वाहिल्या. मग उठल्या आणि घरातून फिरल्या. विळी गेली, सुरी गेली, किसणी गेली, अडकित्ता गेला, नखं काढायचं यंत्र गेलं, सून उत्कर्षाची भुवयांची कात्री गेली, आकारामचा दाढीचा रेझर गेला. सगळं एका लोखंडी पेटीत. मग पेटी उचलून, मधलं दार उघडून त्या पुढच्या शेडमध्ये शिरल्या, कारण घर मागं आणि गॅरेज पुढं अशीच त्यांची जागा. दोन्ही कटर गेले, करवतीचं पातं गेलं, ब्लेडचं पाकीट गेलं.

"आये, ते राहू दे की," आकाराम कळवळून म्हणाला. "ते कापत न्हाई. तारंची साल काढतंय नुस्तं."

"आन् साल काढणं म्हंजी काय लाड करणं व्हय?" मनुबाई म्हणाल्या, आणि तेही पेटीत टाकलं.

पेटीला हळदकुंकू लावलं, कडी घातली, आणि माळ घेऊन त्या पेटीवरच बसल्या. अडकित्ताही आत गेल्यामुळं त्यांना स्वतःलाही आज सुपारी अख्खीच गालात धरून बसावं लागलं होतं. नेम म्हणजे नेम.

आकारामनं हे हसून घेतलं. त्याला आज कापायचं होतंच कुठं! आज तो निघाला होता राणीला आणायला. काल फोनवर तिच्याशी बोलणंही झालं होतं. काल चतुर्थी, भावाचा उपास. राणीनं पोटुशी असतानाही तो धरला होता, वर सासूची बोलणी खाल्ली होती.

"दादा, दोन गोष्टी ऐक," ती म्हणाली होती. "उद्या तू सोता यायचं. कुणाला पाठवायचं न्हाई, फोन करून 'गिऱ्हाईक आलं' म्हणायचं न्हाई."

"येतो की. आन् दुसरी?"

"उद्या दिवसभर काय बी कापायचं न्हाईस. तार न्हाई, दोरा न्हाई, नख न्हाई. माज्या पोटाकडं बगून."

"न्हाई कापत."

"शपथ?"

"तुजी शपथ."

मग फोन ठेवण्याआधी ती आणखी बोलली होती, आणि ते तिचं बोलणं आकारामला रात्रभर खुपत राहिलं होतं. "मागल्या दोन पंचम्या मी बॅग भरून वट्यावर बसले दादा. जावंचा भाऊ येतोय, तिला घिऊन जातोय, जाताना मला टाटा करतोय. यंदा न्हाई आलास तर मी फुडं कवा बॅग भरायची न्हाई. बाळातपण बी हितंच करीन."

रागावून म्हणाली असती तर आकारामनं हसण्यावारी नेलं असतं. पण ती आईसारखं हळू म्हणाली होती.

म्हणून आज तो आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, गंध लावून आपल्या जुन्या पांढऱ्या व्हॅनमध्ये बसला. देवाचं नाव घेतलं. चावी फिरवली.

काही नाही.

खोकला नाही, घरघर नाही, साधं टिक नाही. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, पण चावी फिरवली की गाडी अशी गप्प, जणू तिनंही मौन धरलंय.

पलीकडं धनाजी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला होता. तो हात पुसत आला. "का रं कटिंगवाल्या? लोकाच्या गाड्या नीट करता करता घरचीच मेली व्हय?"

"मरंल कशानं? तार गेली आसंल कुठं तरी. दोन मिंटाचं काम." आकारामनं सवयीनं भिंतीकडं हात केला. कटरचा खिळा रिकामा होता. त्यानं वळून पेटीकडं पाहिलं. पेटीवर आई होती. आई माळ ओढत होती.

"आये..."

"न्हाई."

"अजून मी काय म्हटलंच न्हाई."

"मग म्हणू नगंस."

धनाजी कमरेवर हात ठेवून खदाखदा हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की हे हसण्यावारी नाही. भाड्याच्या गाड्या म्हणाल तर एकूणएक शिराळ्याला पंचमीला गेलेल्या. धनाजीकडं दुचाकी तेवढी. आणि सातव्या महिन्याच्या बाईला दुचाकीवर किंवा यष्टीच्या गर्दीत कुपवाडपर्यंत कोण आणणार?

"मावशी," धनाजीनं मध्यस्थी केली, "एकच तार कापू द्या की वो. एकच. नाग काय तारंत बसलाय व्हय?"

"धनाजी, तू आज कुणाच्या टायरात सुया खुपसू नगं बाबा," मनुबाई मायेनं म्हणाल्या. "टोचणं बी आज वर्ज."

"आन् पंक्चर आलं तर मी काय करू?"

"हवा भर."

हवा भरून पंक्चर कसं निघतं हे विचारायची धनाजीची छाती झाली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. राणी. आकारामनं धनाजीला डोळ्यानं खुणावलं. धनाजी धावत जाऊन दुचाकीवर बसला, ती चालू केली आणि हॉर्न देत शेडसमोर गोल गोल फिरू लागला.

"हॅलो! हां राणी! निघालोय गं! लय ट्रॅफिक हाय हितं!" आकाराम ओरडला.

धनाजीनं एक लांबलचक हॉर्न दिला, वर ट्रकवाल्यासारखं तोंडानंही ओरडला.

मनुबाईंनी माळेचा मणी तसाच धरला आणि फोनच्या दिशेनं, आयुष्यात पहिल्यांदाच जरा वरच्या पट्टीत म्हणाल्या, "खोटं बोलतोय गं त्यो! हितंच हाय, गाडीखाली!"

धनाजीची दुचाकी अर्ध्या गोलातच थांबली.

पलीकडून राणी म्हणाली, "बरं. मी वट्यावर बसलीया. बॅग मांडीवर हाय." आणि फोन ठेवला.

आकारामचं तोंड एवढंसं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं असं त्याला वाटलं. त्यानं बॅटरीची तार पान्यानं सोडली, सदरा काढून खुंटीला लावला, नि बनियनवर व्हॅनच्या डॅशबोर्डखाली उताणा झाला.

वर अंधारात तारांचं जाळं होतं, आणि जाळ्यात ठायी ठायी काळ्या टेपच्या गाठी. सगळ्या त्याच्याच. आजपर्यंत त्या गाठी बघून त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज ती कुणा दुसऱ्याची गाडी असती तर त्यानं त्या मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मधोमध मोठा कपलर होता. तो मात्र त्यानं कधी उघडला नव्हता, म्हणून तेवढा शाबूत दिसत होता. त्यानं खटका दाबून तो सोडवला आणि तारांसकट खाली, दारापर्यंत ओढून आणला. नऊ भोकं. तीन ओळी, एकेका ओळीत तीन.

मधल्या भोकातली पिवळी तार त्याला संशयास्पद वाटली. पीन काढून पाहायला पाहिजे. त्यानं ओढली. नाही. पाय दाराला लावून ओढली. कपलरच हातातून निसटून कपाळावर आपटला.

"वढू नगंस," वस्ताद कानात म्हणाले.

"बरं बाबा," आकाराम मोठ्यानं म्हणाला.

"कुणाशी बोलतोय ह्यो?" धनाजीनं विचारलं.

"आये," आकारामनं बाहेर मान काढली. "आत दाबायला काय तरी बारीक पायजे. सुई चालंल?"

"सुई टोचती."

"पीन?"

"ती बी टोचती."

"खिळा?"

मनुबाईंनी नुसतं पाहिलं.

"मग ह्या पिनंचं कुलूप उघडू कशानं? माज्या मिशीच्या केसानं? मी कापत न्हाई, तोडत न्हाई. नुस्तं सोडवायचंय गं."

यावर मनुबाईंनी विचार केला. सोडवणं. त्यांनी हा शब्द मनात दोन-तीनदा फिरवून पाहिला आणि त्यात कुठं पाप लपलंय का ते तपासलं. "सोडवायला हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. "सोडवणं पुण्याचंच." आणि कमरेची चंची सोडली, तिच्यातून चांदीचं कानकोरणं काढून पुढं केलं. त्यांच्या आईनं दिलेलं. टोकाला चपटं, बोथट, गुळगुळीत.

"ह्यानं?" धनाजी म्हणाला. "गाडीचा कान कोरायचा?"

"आजवर कुणाला टोचलं न्हाई ते."

आकारामनं पिवळी तार चिमटीत धरली. आधी आत ढकलली, ओढायला शिवशिवणाऱ्या हाताला आवरत. समोरच्या बाजूनं कानकोरणं घातलं, जीभ चाचपली, दाबली. आणि तार अशी सरकन बाहेर आली की तो थक्क होऊन तिच्याकडं बघतच राहिला. पितळी पीन, पाठीवर जीभ, अंगावर ओरखडा नाही.

"आयला," तो म्हणाला.

"तोंड सांभाळ," मनुबाई म्हणाल्या.

पीन चांगली होती, दोष तिच्यात नव्हता. ती परत बसवून पुढं बघायचं, हे शहाणपण. पण आकारामला आता राहवेना. इतकी वर्षं ज्यांना कापत आलो त्या अशा नुसत्या सांगण्यानं बाहेर येतात? त्यानं खालची एक काढली. सरकन. वरच्या कोपऱ्यातली काढली. सरकन. लहान पोरानं शेंगा सोलत सुटावं तसा तो सुटला. तारांची तोंडं खाली लोंबून डुलायला लागली.

पेटीवर बसल्या बसल्या मनुबाई ते बघत होत्या. गाडीच्या पोटातून एकेक बाहेर येतोय, डोकं पितळी, अंग लांब, डुलतोय. पंचमीचा दिवस. त्यांच्या हातून ओच्यातल्या लाह्यांची चिमूट आपोआप उडू लागली आणि ओठ हलू लागले. मधला निघाला तेव्हा त्या "कंबल" म्हणाल्या होत्या. खालचा डावा निघाला, "तक्षक" नव्हे, "शंखपाल" नव्हे, पाटावरची जागा आठवून त्यांनी बरोबर "धृतराष्ट्र" म्हटलं. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला लाही.

"आये, लाह्या डोळ्यात जात्यात."

"मीट डोळं."

शेवटी भोकं मोकळी झाली. आकाराम उठून बसला, अंगभर लाह्या, चेहऱ्यावर आनंद. "बगितलंस धनाजी? एक बी कापली न्हाई!"

"बगितलं," धनाजी म्हणाला. "आता कुठली कुठं जाती ते सांग."

आकारामनं तारांकडं पाहिलं. तारांनी आकारामकडं पाहिलं.

मघाशी कोणती कुठून काढली? मधली पिवळी, ते ठीक. पण बाकीच्या? रंगावरून ओळखावं तर या गाडीतले सगळे रंग त्यानंच जागोजाग बदलून ठेवलेले. कंपनीचा नकाशा असता तरी तो या गाडीचा वाटला नसता. चुकीची तार चुकीच्या भोकात गेली तर फ्यूज जाईल, नाहीतर वायपर लावताच हॉर्न वाजेल, नाहीतर सगळंच धुरात जाईल. त्यानं एक तार उचलली, एका भोकाजवळ नेली, दुसऱ्याजवळ नेली, खाली ठेवली. कपाळावरचं गंध घामानं नाकापर्यंत आलं होतं.

"आता लाव फोन राणीला," तो खोल आवाजात म्हणाला. "सांग, तुजा भाऊ गाढव हाय."

"ते तिला ठावं आसंल," धनाजी म्हणाला, पण हसला नाही.

आणि मग पेटीवरून हळू आवाज आला. "कंबल मधी."

"काय?"

"मधी कंबल. पिवळा." मनुबाईंनी माळ मांडीवर ठेवली. डोळे मिटले. पहाटेचा पाट त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढं होता, नऊ नाग, तीन ओळी. "वरच्या वळीत पैला अनंत. त्यो तांबडा, अंगावर तुझी काळी पट्टी हाय बग. त्याच्या शेजारी वासुकी, हिरवा, शेपटाकडं पांढरा झालाय. मग शेष. शेष सगळ्यात जाड."

आकारामनं जाड तार पाहिली. खरंच, तीच वरच्या उजव्या कोपऱ्यातली. काढताना अंगठा दुखला होता.

"आये, तुज्या ध्यानात हाय?"

"ज्याला लाही वाहिली त्याची जागा इसरू व्हय?"

धनाजीनं टोपी काढून हातात घेतली. मोबाइलची बॅटरी लावून तो उकिडवा बसला. मनुबाई नाव घेत, रंग सांगत, आणि आकाराम त्या त्या भोकात पीन सारत गेला.

"दुसऱ्या वळीत पैला पद्मनाभ. निळा."

टक.

"कंबल. त्याच्या पल्याड शंखपाल. त्यो करडा, लय लाजतोय, सगळ्यात शेवटी निघाला."

टक. टक.

प्रत्येक टकला आकारामच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. वस्ताद ऐकत असतील असं त्याला वाटत होतं, आणि एवढा उशीर का लावलास म्हणत असतील असंही. धृतराष्ट्र बसला. तक्षक बसला. तारा संपल्या.

"झालं!" आकाराम ओरडला. बॅटरी जोडली. पॅन्टला हात पुसून चावी फिरवली.

काही नाही. पहिल्यासारखंच.

आकारामनं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं, त्याबरोबर हॉर्न तेवढा वाजला.

"आन् काळिया?" मनुबाई म्हणाल्या.

"आता कोण काळिया, आये?"

"नववा. खालचा उजवा कोपरा. त्यो भाईर आलाच न्हाई. मी त्याची लाही हातात धरून बसलीया." त्यांनी मूठ उघडून दाखवली.

"ते भोक रिकामंच आसतंय. कंपनी एखादं रिकामं सोडती."

"पाटावर मी कुणाला रिकामं सोडत न्हाई."

"आवं, गाडी हाय ही, पाट न्हवं!"

"त्यो रुसून बसलाय कुठं तरी," मनुबाई शांतपणे म्हणाल्या. "बोलीव त्याला."

आता आईशी वाद घालण्यापेक्षा हात घालून रिकामा बाहेर काढून दाखवणं सोपं, म्हणून आकारामनं बॅटरी पुन्हा सोडली आणि खांद्यापर्यंत हात डॅशबोर्डमागं घातला. चाचपलं. गाठ, गाठ, टेप, गाठ. "न्हाई म्हटलं ना," असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. बोटाला काही तरी थंड लागलं. पितळी.

त्यानं ओढून खाली आणली. तपकिरी तार. टोकाला पीन, पण जीभ चेपून पाठीला चिकटलेली. मागल्या वर्षी त्यानं गाडीत गाण्यांचा डबा बसवला होता तेव्हा हात फिरवायला जागा नव्हती, म्हणून ओढाताणीत ही पीन जीभ चेपून उपसून निघाली ती घाईनं परत रेटली होती. टक वाजलं का ते ऐकलं नव्हतं. तोंडात त्या वेळी वडापाव होता. तेव्हापासून ती खड्ड्याखड्ड्याला मागं सरकत गेली, आणि शेवटी भोकातून पुरती बाहेर पडून वर जाऊन बसली.

म्हणजे तारेत काही दोष नव्हताच. त्यानं कापली असती तर चांगली तार कापली असती, नवी जोडली असती, गाडी तरीही हलली नसती, मग दुसरी कापली असती.

त्यानं कानकोरण्याच्या टोकानं चेपलेली जीभ अलगद वर उचलली. पीन भोकाशी धरली. आत सारली. कान लावला.

टक.

"काळिया आला," धनाजीच म्हणाला, आणि मनुबाईंच्या हातून शेवटची लाही गाडीवर पडली.

बॅटरी जोडली, चावी फिरवली, आणि व्हॅन अशी गरजली की दारातलं कुत्रं उठून पलीकडं गेलं. आकाराम आईकडं बघून काही म्हणणार होता, पण मनुबाईंनी हात पुढं केला होता तो कानकोरण्यासाठी. त्यांनी ते पदराला पुसलं, चंचीत ठेवलं, आणि म्हणाल्या, "थांब. उत्कर्षानं पुरणाची दिंडं उकडल्यात, राणीचा डबा आणते." आणि उठून घरात गेल्या.

पेटीवरून उठून.

आकारामनं सदरा चढवला. तारांचा झुबका पायात, क्लचमध्ये अडकू नये म्हणून वर बांधून टाकायचा होता. टेपचं रीळ घेतलं, खाली वाकून तारांना नीट दोन-चार वेढे दिले. छान बसले. आणि मग टेपचं टोक तोडायची वेळ आली.

हात नेहमीसारखा खिशाकडं गेला. खिशात काही नव्हतं.

धनाजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "गड्या. पेटी मोकळी हाय. कडी नुस्ती अडकिवल्याली हाय."

आकारामनं पेटीकडं पाहिलं. हळदकुंकवाची बोटं वाळली होती.

"बरं, पेटी ऱ्हाऊ दे. दातानं तोड. टेप हाय रं ती, तार न्हवं. टेपला काय पाप? आन् हितं बगतंय कोण?"

आकारामनं रीळ तोंडाजवळ नेलं. दातांत टेप धरली सुद्धा. चिकट, रबरी वास आला. तिकडं खंडाळ्याच्या घराच्या ओट्यावर, मांडीवर बॅग आणि बॅगेवर हात ठेवून कुणी बसलं होतं, आणि तो येईपर्यंत ते उठणार नव्हतं.

त्यानं दात सोडले. ओठावरचा चिकटा मनगटानं पुसला. रीळ तसंच, अख्खं, टेपला लोंबतं सोडून दिलं. डॅशबोर्डखाली ते जरा फिरलं, आणि मग हळूहळू झुलत राहिलं.

"आरं, खंडाळ्यापर्यंत असंच?" धनाजी म्हणाला.

"उद्या तोडीन," आकाराम म्हणाला.

आतून उत्कर्षाचा आणि आईचा आवाज येत होता. मनुबाई डबा घेऊन आल्या, फडक्यात गुंडाळलेला, कोमट. त्यांनी तो सीटवर ठेवला. खाली लोंबणारं रीळ त्यांना दिसलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग पेटीच्या कडीकडं पाहिलं, आणि जाऊन पुन्हा पेटीवर बसल्या.

आकारामनं फोन काढला, राणीचं नाव वर आणलं, आणि मग न लावताच खिशात ठेवला. आजवर 'निघालो' तिनं पुष्कळ ऐकलं होतं.

त्यानं गियर टाकला. हॉर्न न देता व्हॅन शेडमधून बाहेर आली, लाह्या सांडत कुपवाडच्या रस्त्याला लागली, आणि पेठ नाक्याच्या दिशेनं वळली. खाली, त्याच्या गुडघ्यापाशी, रीळ झुलत होतं.